चोवीस बरोबरच्या खुणा

सिस्टरांनी आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, स्वतः मोजल्याशिवाय एखादी गोष्ट बरोबर आहे असं मानलं, आणि नेमकी तेव्हाच त्यांची गाडी फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली.

सिस्टर म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत, बँकेत, किराणा दुकानात सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं, उगाच नाही कशाला म्हणायचं. ऑपरेशनच्या आधी कात्र्या, चिमटे, कापसाच्या घड्या मोठ्याने मोजायच्या आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायच्या, ही त्यांची नोकरी. नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. घरातल्या प्रत्येक डब्याच्या बुडाला, छत्रीच्या दांड्याला, दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरच्या स्क्रूला त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला असायचा. दुकानदाराने आतला माल बदलला की लगेच कळायचं. स्वतःच्या नखांना मात्र त्यांनी जन्मात कधी नेलपॉलिश लावलं नाही.

तर गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले. गाडी सिस्टरांची स्वतःची, रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून घेतलेली, लहानशी, नीट ठेवलेली. रोज सकाळी नातीला शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं. नात आठ वर्षांची. गाडीतली ती पंचवीस मिनिटं म्हणजे दोघींचं खास राज्य होतं. घरात जे कुणाला सांगायचं नाही ते तिथे सांगायचं, आणि ते गाडीबाहेर जायचं नाही, असा ठराव होता. सिस्टरांना आता दुसरं कुणी काही सांगत नसे. म्हणून ती पंचवीस मिनिटं त्यांना जिवापाड प्यारी.

"आई, मी सर्व्हिसिंगला टाकतो, तू नको धावपळ करूस," असं चिरंजीव म्हणाले तेव्हाच खरं तर कान टवकारायला हवे होते. एरवी हे चिरंजीव स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नाहीत. त्यांची स्वतःची गाडी म्हणजे केवढं तरी धूड, आणि इमारतीत प्रत्येक घराला पार्किंगची जागा एकच. ती सिस्टरांच्या गाडीची. चिरंजीवांचं धूड बाहेर झाडाखाली उभं, आणि त्या झाडावरच्या पाखरांना दुसरी गाडी दिसतच नसावी. दर सकाळी चिरंजीव ओलं फडकं घेऊन टप घासत, आणि घासताना आईच्या गाडीकडे ज्या नजरेने बघत ते वॉचमनलाही कळत होतं.

सिस्टरांनी गाडी देण्याच्या आदल्या संध्याकाळी खाली जाऊन आपलं काम केलं. चार चाकं, प्रत्येकाला चार नट. प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यावर उतरणारी एक बारीक लाल रेघ. नट एकदा का फिरला की रेघ तुटणार, आणि ब्रेक बघायचे तर चाक काढल्याशिवाय गत्यंतर नाही. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात हसली. सिस्टरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी गाडी आली ती लखलखीत धुऊन. चिरंजीवांच्या हातात गॅरेजचा गुळगुळीत कागद. ऑइल, फिल्टर, ब्रेक, क्लच, लाइट, अगदी दाराच्या बिजागरीपर्यंत चोवीस कामं, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. सिस्टर चाकाकडे वाकणार, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "आई, पुरे आता तुझं ऑपरेशन थिएटर. मोठं गॅरेज आहे, काचा बसवलेलं. चार लोक बघतायत, मला लाज वाटते." चार लोक म्हणजे वॉचमन आणि एक मांजर. पण पोराला आपली लाज वाटते हे ऐकून सिस्टर जरा चपापल्या. गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या आणि वर गेल्या. मोजायचं राहिलं ते असं.

सोमवारी सकाळी नातीला घेऊन त्या निघाल्या. पार्किंगमधून फाटकाकडे उतार आहे. फाटक अर्धवट बंद दिसलं म्हणून सिस्टरांनी ब्रेक दाबला. पाय खाली खाली गेला आणि गाडी आपली घरंगळतच राहिली. खांबाला धडकून थांबली. पुढचा दिवा फुटला, नातीची पाण्याची बाटली पायाशी सांडली, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नात म्हणाली, "आजी, आपण आपटलो," आणि हसायला लागली.

चिरंजीव हसले नाहीत. घरातल्या सपाता घालूनच खाली आले, दिवा बघितला, आईकडे बघितलं आणि चारचौघांत, म्हणजे आता खरोखरच चारचौघं जमले होते, म्हणाले, "आई, तू ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबलंस."

"अरे, ब्रेकच दाबला मी."

"ब्रेक परवाच झालेत. कागद आहे. होतं असं या वयात, आई. पाय ऐकत नाहीत."

किती मायेने म्हणाले बघा. त्या मायेनेच तर काम केलं. खवळून बोलले असते तर सिस्टरांनी दोन उत्तरं दिली असती. गाडी ढकलत जागेवर नेली, किल्ली चिरंजीवांनी आपल्या खिशात घातली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या ऑफिसातला कुणीतरी गाडी घ्यायला तयारही झाला होता. रविवारी कागदावर सही कर, एवढंच आईचं काम उरलं. नातीला शाळेत सोडायला रिक्षा लावली. आणि नातीला ताकीद दिली की आजी कितीही म्हणाली तरी तिच्यासोबत गाडीत बसायचं नाही.

सिस्टरांनी भांडण केलं नाही. का नाही केलं, तर त्यांचा स्वतःचाच आपल्या पायावरून विश्वास उडाला. हे त्या कुणाला सांगणार? तीन दिवस, घर रिकामं झालं की त्या पलंगावर बसून उजवा पाय समोरच्या कपाटाला दाबून बघत. दाब म्हटलं की पाय दाबत होता, सोड म्हटलं की सोडत होता. मग खांबावर कशी आदळली गाडी? उत्तर एकच निघत होतं आणि ते उत्तर म्हणजे म्हातारपण. ज्या बाईने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, ती कपाटाला लाथ लावून स्वतःची चूक शोधत बसली होती.

गुरुवारी शाळेतून आल्यावर नात त्यांच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुझा पाय आता तुझं ऐकत नाही का गं? बाबा म्हणाला."

नात खेळायला गेली तशा जिना उतरल्या आणि गाडीपाशी, एक गुडघा टेकून, चाकासमोर बसल्या. चष्मा पुसला. पहिल्या चाकावर चार रेघा अखंड. दुसऱ्यावर चार. तिसऱ्या चाकाशी येईपर्यंत त्यांचं तोंड तापलं होतं. सोळाच्या सोळा रेघा, जशा ओढल्या तशा. चाकं कुणी काढलीच नव्हती.

त्या उठल्या तेव्हा गुडघा दुखत होता, पण सहा वर्षांत इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं. पाय शाबूत होता. नालायक होतं ते गॅरेज.

शुक्रवारी चिरंजीव आणि सूनबाई कामावर गेल्यावर सिस्टरांनी कपाटातली दुसरी किल्ली काढली आणि गॅरेजला फोन करून गाडी उचलून न्यायला लावली. ब्रेक नसलेली गाडी स्वतः चालवत न्यायला त्या काही इतक्या अडाणी नव्हत्या. उचलणाऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी ताठ बसून त्या गेल्या.

गॅरेज म्हणजे काय थाट. पुढे काचेची खोली, गार हवा, सोफा, फुकट कॉफीचं मशीन, आणि मशीनवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी. टेबलामागे एक टायवाला. गॅरेजमध्ये टाय कशाला लागतो हे देवालाच ठाऊक. चालू इंजिनाजवळ गेला तर टायच आधी आत जायचा, पण हा गृहस्थ इंजिनाजवळ जन्मात गेला नसणार. नखं इतकी स्वच्छ की सिस्टरांना थिएटरमधले शिकाऊ डॉक्टर आठवले, तेसुद्धा हात इतके धूत नसत.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," टायवाला म्हणाला. अजून सिस्टर बसल्याही नव्हत्या.

"टेन्शन तुम्ही घ्यायचंय," सिस्टर म्हणाल्या. "या कागदावर ब्रेकपुढे खूण आहे. ब्रेक केले?"

त्याने कॉम्प्युटरवर टकटक केली. "झालेत मॅडम. सिस्टीममध्ये दिसतंय."

"चाकं काढून?"

"अर्थात मॅडम. आमची एक प्रोसेस असते."

सिस्टरांनी त्याला रेघांबद्दल सांगितलं. टायवाला गोड हसला, आजीबाई गोष्ट सांगताहेत असा. मग म्हणाला, "नट परत त्याच जागी बसले असतील ना मॅडम."

"सोळाच्या सोळा? केसाचाही फरक न पडता?"

"आमचे लोक खूप अनुभवी आहेत."

"मग त्यांना इथे कशाला सडवता, माझ्या जुन्या हॉस्पिटलात पाठवा. मोडलेली हाडं इतकी नीट जुळवणारा माणूस तिथे अजून मिळालेला नाही." सिस्टरांनी पर्स मांडीवर घेतली. "गाडी वर घ्या. मी बघणार आहे."

ग्राहकांना आत नेत नाही, सुरक्षेचा प्रश्न असतो, साहेब जेवायला गेलेत, सोमवारी या, असं सगळं म्हणून झालं. सिस्टर सोफ्यावर बसून राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागल्या, "तुमची चाकं काढली होती का हो? बघून घ्या जरा." मोठ्याने नाही, अगदी चौकशी करावी तसं. तिसरं गिऱ्हाईक कागद हातात घेऊन आपल्या गाडीकडे वळलं, तशी सिस्टरांची गाडी पाच मिनिटांत रॅम्पवर चढली.

आत एक म्हातारा मिस्त्री होता, हात कोपरापर्यंत काळे. त्याने चाकाकडे पाहिलं, अंगठ्याने लाल रेघ चाचपली, आणि टायवाल्याकडे न बघता म्हणाला, "हे चाक आपण खोललेलं नाही." मग त्याने चाक काढलं. ब्रेकचे पॅड झिजून पार पत्र्याला लागले होते, आणि ब्रेक ऑइलच्या डबीत तळाशी चहाच्या गाळाइतकं काहीतरी उरलं होतं. "यावर गाडी चालवली तुम्ही?" त्याने विचारलं.

"आठ वर्षांच्या नातीला शेजारी बसवून," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्री मान खाली घालून पान्हा पुसत राहिला. त्याला तरी लाज वाटली. सिस्टरांनी मग टायवाल्याकडे मोर्चा वळवला. तुम्ही लोक आजारी माणसाला नुसती पावडर लावून घरी पाठवणारे आहात, हात कापेल एवढी इस्त्री आणि अंगात कामाचा पत्ता नाही, खूण करायला शाई लागते म्हणून ती तेवढी उदारपणे वापरता, असं बरंच काही त्यांनी ऐकवलं. आवाज चढवला नाही. थिएटरमध्ये आवाज चढवायची पद्धत नसते, त्यामुळे ऐकणाऱ्याला पळायला वाव मिळत नाही.

टायवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम, जरा आत येता का?" तो म्हणाला. काचेच्या खोलीत त्याने एक खण उघडला आणि डाग पडलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. हे खरं कार्ड, मिस्त्र्यांच्या हातात जाणारं. त्यावर हाताने लिहिलं होतं: 'फक्त धुणे आणि ऑइल. ब्रेक नको. फोनवर सांगितले.'

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या चिरंजीवांनी. गाडी विकायचीय, उगाच खर्च नको म्हणाले. घेणाऱ्याला दाखवायला कागद मात्र पूर्ण द्या म्हणाले. ग्राहकाला नाही कसं म्हणायचं, मॅडम?"

सिस्टरांनी कार्ड त्याच्या हातातून घेतलं. फोन कधी आला होता ते त्यांनी कार्डावर वाचलं. शनिवारी सकाळी, साडेदहा. म्हणजे संध्याकाळी पार्किंगमध्ये 'लाज वाटते' म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. सोमवारी सपाता घालून खाली आला तेव्हाही माहीत होतं. आईचा पाय ऐकत नाही असं स्वतःच्या पोरीला सांगितलं तेव्हाही.

"नाही असं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "एकदा एक सर्जन माझ्यावर ओरडला, टाके घालू दे, मला विमान पकडायचंय. एक चिमटा कमी भरत होता. मी म्हटलं, नाही. चाळीस मिनिटं हात वर धरून उभा होता तो. चिमटा सापडला, विमान गेलं, पेशंट चालत घरी गेला. एवढं सोपं असतं ते. आता ब्रेक करा. मी समोर बसते."

ब्रेक झाले. सिस्टरांनी बसून सगळं बघितलं, पण नेहमीसारखी मजा काही आली नाही. या टायवाल्याला झोडपायला त्या केवढ्या हौसेने आल्या होत्या. आता तो समोरून कॉफी घेऊन आला, कुठून तरी मागवलेली, तर त्यांना त्याच्यावर धड रागावताही येईना. हा निदान परका होता.

गाडी त्यांनी स्वतः चालवत घरी आणली. फाटकाच्या उतारावर मुद्दाम दोनदा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. वॉचमनने सलाम केला.

संध्याकाळी चिरंजीव जेवायला बसले. सूनबाई वाढत होती, नात आतल्या खोलीत अभ्यास करत होती. सिस्टरांनी सरळ विचारलं, "शनिवारी ब्रेक केले होते का रे गाडीचे?"

एक संधी द्यावी म्हणून विचारलं. आईच ती.

"हो, म्हणजे काय. कागद बघितलास ना तू," चिरंजीव म्हणाले. घास मोडताना हात थांबलासुद्धा नाही.

"आज दिवसभर मी गॅरेजमध्ये होते."

आता हात थांबला. सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि भांडं खाली ठेवलं. "कसले ब्रेक?" तिने विचारलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं हे सिस्टरांना त्या आवाजावरूनच कळलं.

सिस्टरांनी चार वाक्यांत सांगितलं. चिरंजीव पाणी प्यायले. मग म्हणाले, "इतके खराब असतील असं वाटलं नव्हतं मला. आधी चालतच होती की गाडी. आणि आई, शेवटी हे मी तुझ्या काळजीपोटीच—"

"पार्किंगपोटी," सिस्टर म्हणाल्या. "नाव तरी नीट घे. तुझी पोर होती त्या गाडीत. आणि दोष माझ्या पायाला दिलास? तीन दिवस मी कपाट दाबत बसले होते, वेड्यासारखी. तू नुसतं म्हणाला असतास की आई, मला जागा हवी, तर दिली असती मी. रडत दिली असती, पण दिली असती."

सूनबाईच म्हणाली, नवऱ्याला, अगदी थंडपणे, "आधी आत जा आणि तिला सांग. आजीच्या पायाबद्दल जे सांगितलंस ते खोटं होतं, असं."

चिरंजीव उठले. आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. सिस्टर ऐकायला म्हणून उभ्या राहिल्या नाहीत, पण कानांना काही झाकण नसतं.

"बाळा, आजीचा पाय ठीक आहे बरं का," आतून आवाज आला. "ते गॅरेजवाले काका ब्रेक करायला विसरले होते. त्यांची चूक."

तोच गोड आवाज. टेन्शन घेऊ नका म्हणणारा. सिस्टरांनी दार लोटलं.

"विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "करू नका असं त्यांना तुझ्या बाबाने सांगितलं होतं. आणि मग माझ्या पायावर ढकललं."

नातीने पेन्सिल खाली ठेवली. "खरंच, बाबा?"

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. असं की सिस्टरांना वाटलं, आता हा माझ्याकडे मदत मागतोय. त्यांनी मदत केली नाही.

"हो," तो म्हणाला.

नात बापाकडे बघत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. ओठ थोडे बाजूला नेऊन, मान किंचित मागे घेऊन, पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघितलं आणि मग वहीकडे वळली. "मग सोमवारपासून मी आजीबरोबरच जाणार," ती वहीलाच म्हणाली. बाप तिथे नव्हताच जणू.

तो चेहरा सिस्टरांच्या ओळखीचा होता. आख्खी दुपार त्यांनी टायवाल्याकडे असंच बघितलं होतं. चौतीस वर्षं कितीतरी जणांकडे बघितलं होतं, आणि समोरचा माणूस वितळून जाताना बघून त्यांना बरंही वाटलं होतं. आता त्यांचा पोरगा तसाच दाराशी उभा होता, हात कुठे ठेवावे ते कळत नसल्यासारखा, आणि त्याच्याकडे असं बघणारी पोर आठ वर्षांची होती. सिस्टरांना गाडी मिळाली, नात मिळाली, सकाळची पंचवीस मिनिटं परत मिळाली. त्यांना वाटलं होतं, फार बरं वाटेल.

"बाबाशी असं वागू नये," त्या नातीला म्हणाल्या.

"का?" नातीने विचारलं.

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. उत्तर सुचेपर्यंत बसणं भाग होतं.